नुबियन वाळवंटातील अशनी : प्रस्तावना

७ ऑक्टोबर २००८ रोजी पहाटे सुदानच्या उत्तरेकडील नुबियन वाळवंटावर, जमिनीपासून सुमारे ३७ किलोमीटर उंचीवर, चार मीटर व्यासाचा एक लघुग्रह फुटला. एवढ्या आकाराचा दगड साधारण वर्षातून एकदा पृथ्वीच्या वातावरणात शिरतो. बहुतेक वेळा तो समुद्रावर किंवा निर्जन प्रदेशावर जळून जातो आणि कोणाला त्याचा पत्ताही लागत नाही. हा लघुग्रह मात्र येणार हे आदल्या दिवशीच कळले होते. तो कोठे आणि किती वाजता पोहोचेल याचे गणित मांडून झाले होते आणि ते जगभर जाहीरही झाले होते. दोन महिन्यांनी खार्टूम विद्यापीठाच्या विद्यार्थ्यांनी वाळवंट पायी धुंडाळून त्याचे तुकडे शोधून काढले. अवकाशात दुर्बिणीने पाहिलेली वस्तू आणि प्रयोगशाळेत हाती घेतलेला दगड एकच आहेत, असे निःशंकपणे सांगता येण्याची ही इतिहासातील पहिली वेळ. लघुग्रहाची नोंद ‘२००८ टीसी३’ या नावाने झाली आणि त्याच्या तुकड्यांना ‘अल्महाता सित्ता’ हे नाव मिळाले. ते वाळवंटातील रेल्वेच्या सहाव्या स्थानकाचे अरबी नाव आहे.

या घटनेचे मोल कळण्यासाठी अशनींच्या अभ्यासातील एक जुनी अडचण आधी ध्यानात घ्यावी लागते. वातावरणात जळताना दिसणारी प्रकाशाची रेघ ती उल्का. जळून उरलेला जो दगड जमिनीवर पोहोचतो तो अशनी. जगात आजवर ७०,००० हून अधिक अशनींची नोंद झाली आहे. त्यांतले प्रत्यक्ष पडताना पाहिलेले आणि लगेच गोळा केलेले जेमतेम तेराशेच्या आसपास भरतात. बाकीचे सारे केव्हातरी पडलेले आणि नंतर कोणाच्या तरी नजरेस आलेले. प्रयोगशाळेत अशनीचे वय काढता येते, त्यातील खनिजे ओळखता येतात, तो किती काळ अवकाशात उघडा फिरत होता हेही सांगता येते. तो आला कोठून, हे मात्र दगड सांगत नाही. उलट बाजूने लघुग्रहांची कक्षा खगोलशास्त्रज्ञांना दशांश चिन्हापुढच्या अनेक अंकांपर्यंत ठाऊक असते. पण तो लघुग्रह कशाचा बनला आहे याचा अंदाज त्यांना केवळ परावर्तित प्रकाशावरून बांधावा लागतो. एका बाजूला पत्ता नसलेले दगड, दुसऱ्या बाजूला दगड न मिळालेले पत्ते, अशी ही स्थिती होती.

दोन्ही बाजू जोडण्याचे प्रयत्न त्याआधी झाले होते. १९५९ मध्ये चेकोस्लोव्हाकियातील प्रीब्राम येथे पडलेल्या अशनीचा आकाशातला मार्ग अनेक ठिकाणच्या कॅमेऱ्यांनी टिपला होता. त्या छायाचित्रांवरून त्याची सूर्याभोवतीची कक्षा काढता आली आणि ती मंगळ व गुरू यांच्यामधल्या लघुग्रहांच्या पट्ट्यात पोहोचते हे दिसले. त्यानंतर अमेरिकेतील लॉस्ट सिटी आणि कॅनडातील इनिसफ्री हे अशनी याच रीतीने मिळाले. ऑस्ट्रेलियाच्या नलारबोर मैदानावर तर खास वाळवंटासाठी कॅमेऱ्यांचे जाळे उभारले गेले आणि २००७ मध्ये पडलेल्या बनबुरा रॉकहोल या अशनीचा माग त्यातून लागला. पण या सर्व उदाहरणांत कॅमेऱ्याने पाहिली ती जळती ज्वाळा. अवकाशात शांतपणे फिरणारा, सूर्यप्रकाशात उजळलेला मूळ लघुग्रह कोणी पाहिला नव्हता. त्यामुळे त्याचा रंग, त्याचा वर्णपट, त्याचे फिरणे यांपैकी काहीच हाती नव्हते.

अशनी शोधायचे तर वाळवंटात किंवा अंटार्क्टिकाच्या बर्फावर, हे संशोधकांना गेल्या पन्नास वर्षांत कळून चुकले आहे. १९६९ मध्ये जपानी मोहिमेला अंटार्क्टिकातील यामातो पर्वताजवळ बर्फावर नऊ अशनी सापडले आणि तेथून त्या खंडावरचा पद्धतशीर शोध सुरू झाला. १९९० च्या सुमारास सहारात आणि पुढे ओमानमध्ये तशीच सुगी लागली. अशनी पृथ्वीवर सगळीकडे सारखेच पडतात, पण टिकतात मात्र कोरड्या जागी. बहुतेक अशनींत धातुरूप लोखंडाचे कण असतात. ओल लागली की ते गंजतात, फुगतात आणि दगडाला आतून फोडतात. दमट प्रदेशात काही दशकांत किंवा शतकांत अशनीची माती होते. सहारात तोच दगड हजारो वर्षे ओळखू येईल असा राहतो. शिवाय वारा बारीक वाळू उडवून नेतो आणि जड दगड पृष्ठभागावर मागे राहतात. गवत नाही, झुडूप नाही, पालापाचोळा नाही. फिकट जमिनीवर काळा दगड दुरून उठून दिसतो.

सहारातल्या या सुगीची एक दुखरी बाजूही आहे. मोरोक्को आणि आसपासच्या देशांतील भटक्या जमातींच्या लोकांची नजर या दगडांना सरावलेली आहे आणि त्यांनी वेचलेले दगड बाजारातून जगभर जातात. विज्ञानाला त्यांचा फार मोठा उपयोग झाला. चंद्रावरून आणि मंगळावरून उडून आलेले कित्येक दुर्मीळ दगड त्यातूनच हाती आले. पण दगड नेमका कोठे मिळाला, त्याच्या शेजारी आणखी काय होते, हे बहुधा नोंदले जात नाही. असे हजारो अशनी ‘वायव्य आफ्रिका’ एवढ्याच नावाने आणि पुढे एक क्रमांक लावून नोंदवले गेले आहेत. पत्त्याची उणीव तेथे दुहेरी होते. आकाशातला पत्ता नाही तो नाहीच, जमिनीवरचाही हरवतो. नुबियन वाळवंटातून पुढे जे हाती आले त्याचे महत्त्व या पार्श्वभूमीवर पाहायला हवे.

अमेरिकेच्या अॅरिझोना राज्यात टूसॉनजवळ माउंट लेमन नावाचा डोंगर आहे. तेथील दीड मीटर व्यासाच्या दुर्बिणीने ‘कॅटालिना स्काय सर्व्हे’ हा प्रकल्प पृथ्वीजवळून जाणाऱ्या लघुग्रहांचा रात्रभर शोध घेतो. ६ ऑक्टोबर २००८ रोजी जागतिक वेळेनुसार सकाळी ६ वाजून ३९ मिनिटांनी, म्हणजे अॅरिझोनातल्या मध्यरात्रीच्या सुमारास, तेथील निरीक्षक रिचर्ड कोवाल्स्की यांना ताऱ्यांमधून सरकणारा एक अंधूक ठिपका दिसला. त्या वेळी तो पृथ्वीपासून सुमारे पाच लाख किलोमीटरवर, चंद्राच्या कक्षेच्या थोडा पलीकडे होता. नित्याप्रमाणे त्याच्या स्थानाच्या नोंदी केंब्रिज, मॅसॅच्युसेट्स येथील मायनर प्लॅनेट सेंटरकडे गेल्या. तेथल्या संगणकाने काढलेली पहिलीच कक्षा पृथ्वीला छेदणारी निघाली. केंद्राचे प्रमुख टिमोथी स्पार यांनी कॅलिफोर्नियातील जेट प्रोपल्शन लॅबोरेटरीला कळवले आणि तेथे स्टीव्ह चेस्ली यांनी गणित नव्याने केले. उत्तर बदलले नाही. लघुग्रह वीस तासांच्या आत उत्तर सुदानवर येऊन पडणार होता.

मग जे घडले त्याला खगोलशास्त्रात तोड नाही. पुढच्या काही तासांत पंचवीसहून अधिक वेधशाळांनी, त्यांत व्यावसायिक तसेच हौशी निरीक्षकही आले, मिळून साडेपाचशेहून जास्त नोंदी पाठवल्या. प्रत्येक नोंदीबरोबर कक्षा अधिक काटेकोर होत गेली आणि पृथ्वीवर पडण्याच्या जागेतली अनिश्चितता शेवटी अगदी थोडी उरली. लघुग्रहाची चमक ठरावीक क्रमाने कमी-जास्त होत होती. त्यावरून तो लांबट आहे, नुसता गिरक्या घेत नाही तर कोलांट्याही खातो, आणि एका फेरीला त्याला दीड मिनिटाहून थोडा अधिक वेळ लागतो, हे कळले. कॅनरी बेटांतील ला पाल्मा येथील विल्यम हर्शेल दुर्बिणीने त्याचा वर्णपट घेतला. तो वर्णपट जवळजवळ सपाट होता. कोणत्याही एका खनिजाची ठळक खूण त्यात उमटली नव्हती. लघुग्रहांच्या वर्गवारीत अशांना ‘एफ’ वर्ग म्हणतात. ते काळपट असतात आणि ते कशाचे बनलेले आहेत याविषयी तोवर नुसते तर्कच होते. पृथ्वीवर पोहोचायच्या सुमारे तासभर आधी लघुग्रह पृथ्वीच्या छायेत शिरला आणि दुर्बिणींना दिसेनासा झाला. त्याच्याविषयी अवकाशातून जे कळायचे होते ते तोपर्यंत नोंदवून झाले होते.

जागतिक वेळेनुसार पहाटे २ वाजून ४६ मिनिटांनी, सुदानच्या घड्याळात पावणेसहाच्या सुमारास, लघुग्रह वातावरणात शिरला. वेग सेकंदाला १२ किलोमीटरहून अधिक. दिशा पश्चिमेकडून पूर्वेकडे. आणि क्षितिजाशी कोन सुमारे वीस अंशांचा, म्हणजे बराच तिरपा. एवढ्या वेगात समोरच्या हवेला बाजूला सरायला वेळ मिळत नाही. ती दाबली जाते, प्रचंड तापते आणि दगडाचा पृष्ठभाग वितळवत नेते. त्याच वेळी पुढच्या बाजूवरचा दाब दगडाला चिरडत असतो. लोखंडी अशनी हा दाब बराच खाली येईपर्यंत सोसतो आणि टणक दगडही काही प्रमाणात सोसतो; हा लघुग्रह मात्र ठिसूळ निघाला. तो खूप उंचावरच तुटू लागला आणि ३७ किलोमीटरवर त्याचा शेवटचा मोठा स्फोट झाला. बाहेर पडलेली ऊर्जा साधारण एक किलोटन स्फोटकांएवढी होती. मेटिओसॅट ८ या हवामान उपग्रहाने तो झगमगाट टिपला. माणसाच्या कानाला न ऐकू येणाऱ्या, अतिशय कमी वारंवारितेच्या ध्वनिलहरींची नोंद दूर केनियातील केंद्रावर झाली. केएलएम कंपनीच्या एका विमानाच्या वैमानिकाला आधी सूचना मिळाली होती. सुमारे १,४०० किलोमीटरवरून त्याला क्षितिजापलीकडे लखलखाट दिसला.

जमिनीवर पाहणारे थोडे होते, पण अगदीच नव्हते असे नाही. पहाटेच्या नमाजासाठी उठलेल्या वाडी हाल्फा आणि रेल्वे स्थानकांवरच्या माणसांना आकाश उजळलेले दिसले. स्फोटाच्या जागी धुळीचा लांब ढग मागे राहिला. सूर्य अजून क्षितिजाखाली होता, पण त्या उंचीवर त्याचे किरण पोहोचत होते. त्यामुळे ढग उजळला आणि वरच्या थरांतल्या उलटसुलट वाऱ्यांनी त्याला वेटोळी वळणे दिली. वाडी हाल्फा येथून घेतलेले त्या ढगाचे छायाचित्र पुढे उंचीच्या आणि वाऱ्याच्या हिशोबासाठी उपयोगी पडले.

सुरुवातीला बहुतेक तज्ज्ञांचे मत असे होते की एवढ्या उंचावर फुटलेल्या वस्तूचे खाली काही पोहोचले नसेल, सगळी धूळच झाली असेल. हे मत पटण्याजोगे होते, कारण इतक्या उंचीवर पूर्ण फुटलेल्या लघुग्रहाचे तुकडे त्याआधी कोणी गोळा केले नव्हते. कॅलिफोर्नियातील सेटी इन्स्टिट्यूटचे उल्काशास्त्रज्ञ पीटर जेनिस्केन्स यांना मात्र शोध घेऊन पाहावा असे वाटले. खार्टूम विद्यापीठातील खगोलशास्त्रज्ञ मुआविया शद्दाद यांनी त्यात मनापासून भाग घेतला, आणि हा शोध खऱ्या अर्थाने उभा राहिला तो शद्दाद यांच्यामुळे. डिसेंबर २००८ च्या आरंभी दोघांनी वाडी हाल्फापासून रेल्वेच्या मार्गाने जात साक्षीदारांच्या भेटी घेतल्या. आकाश कोठून उजळले, ढग कोणत्या दिशेला होता, हे प्रत्येकाकडून उभ्या जागी दाखवून घेतले. ही रेल्वे १८९७ मध्ये ब्रिटिश सेनापती किचनरच्या सैन्याने वाडी हाल्फापासून अबू हमदपर्यंत, नाईल नदीचे मोठे वळण टाळून, थेट वाळवंटातून घातली. मधल्या निर्जन पट्ट्यात गावेच नव्हती, त्यामुळे स्थानकांना नुसते क्रमांक मिळाले. सहाव्या स्थानकावरच्या माणसांनी सांगितलेले आणि चेस्ली व त्यांच्या सहकाऱ्यांनी काढलेला मार्ग यांचा मेळ बसला.

गणिताने मिळते ती आकाशातल्या मार्गाची जमिनीवरची रेघ. तुकडे त्या रेघेवर नेमके कोठे पडतात, हा पुढचा प्रश्न असतो आणि त्याचे उत्तर दगडाच्या आकारावर ठरते. स्फोटानंतर तुकड्यांचा वेग हवेच्या विरोधामुळे झपाट्याने कमी होतो. मग ते जळणे थांबवतात, दिसेनासे होतात आणि शेवटचे काही मिनिटांचे अंतर नुसते खाली पडत येतात. लहान खडे लवकर थबकतात, म्हणून स्फोटाच्या जागेपासून फार पुढे जात नाहीत. वारा त्यांना बाजूलाही नेतो. मोठे तुकडे जुना वेग जास्त काळ टिकवतात आणि पुढे निघून जातात. त्यामुळे अशनी विखुरले जाण्याचा पट्टा लांबट असतो, एका टोकाला खडे आणि दुसऱ्या टोकाला दगड. येथे लघुग्रह पश्चिमेकडून आला होता, तेव्हा मोठे तुकडे पूर्वेकडे मिळायला हवे होते.

६ डिसेंबर रोजी विद्यापीठाचे पंचेचाळीस विद्यार्थी आणि कर्मचारी वाळवंटात शोधाला लागले. पद्धत साधीच होती, पण शिस्तीची. सगळ्यांनी एकमेकांपासून काही मीटर अंतर ठेवून एक लांब रांग धरायची, रेघेला आडवी अशी पसरायची आणि जमीन न्याहाळत एकसाथ पुढे चालायचे. कोणाला संशयास्पद काळा दगड दिसला की रांग थांबायची. नुबियन वाळवंट सपाट पिवळ्या वाळूचे नाही. तेथे खडीची मैदाने आहेत, खडकाळ टेकड्या आहेत, कोरडे ओढे आहेत आणि काळे पृथ्वीवरचेच दगडही भरपूर आहेत. डोळ्यांना त्यांतला फरक कळायला वेळ लागतो. पहिला अशनी एका विद्यार्थ्याला सापडला आणि तो दीड-दोन सेंटिमीटरचाच होता. त्या पहिल्या मोहिमेत पंधरा तुकडे मिळाले. महिन्याच्या अखेरीस बहात्तर जणांची दुसरी मोहीम गेली आणि एकूण संख्या ४७ झाली. सगळ्यांचे वजन मिळून चार किलोला थोडे कमी भरले. सर्वांत लहान तुकडा दीड ग्रॅमचा, सर्वांत मोठा २८३ ग्रॅमचा. सापडलेल्या जागा नकाशावर मांडल्यावर गणिताने काढलेल्या रेघेभोवती जवळजवळ तीस किलोमीटर लांबीचा पट्टा उमटला आणि मोठे दगड खरोखरच पूर्वेच्या बाजूला होते.

तुकडे उघड्या हातांनी उचलायचे नाहीत हा नियम होता. हातावरचा घाम आणि तेल यांत तीच सेंद्रिय द्रव्ये असतात जी प्रयोगशाळेत दगडात शोधायची असतात. म्हणून तुकडा स्वच्छ अॅल्युमिनियमच्या वर्खात गुंडाळला जाई आणि सापडल्या जागेचे अक्षांश-रेखांश जीपीएसने नोंदले जात. नंतरच्या वर्षांतही विद्यापीठाच्या मोहिमा जात राहिल्या आणि संग्रह सहाशे तुकड्यांच्या आसपास, दहा किलोहून अधिक वजनाचा झाला. मूळ लघुग्रहाचे वजन ऐंशी टनांच्या घरात होते. म्हणजे दर आठ हजार भागांतला एखादाच भाग हाती आला. उरलेला जवळजवळ सगळा धूळ होऊन वातावरणात मिसळला. प्रत्येक तुकड्याची जागा नोंदलेली असणे ही या संग्रहाची खरी श्रीमंती आहे, आणि ती खार्टूमच्या विद्यार्थ्यांच्या पायपिटीतून आली. या कामाचा पहिला सविस्तर अहवाल मार्च २००९ मध्ये ‘नेचर’ नियतकालिकात प्रसिद्ध झाला आणि त्याच वर्षी डिसेंबरमध्ये जगभरचे संशोधक चर्चेसाठी खार्टूमला जमले.

प्रयोगशाळेत पहिली ओळख पटली ती युरेलाइट या जातीची. या जातीचा पहिला अशनी १८८६ मध्ये रशियात नोव्हो-उरेई येथे पडला आणि त्यावरून तिला नाव मिळाले. ऑलिव्हीन आणि पायरोक्सीन ही खनिजे, त्यांच्या फटींत भरलेले काळे कार्बनी द्रव्य, मुख्यतः ग्रॅफाइट, आणि त्यात सूक्ष्म हिरे, अशी त्याची घडण असते. अल्महाता सित्ताचे तुकडे मात्र नेहमीच्या युरेलाइटहून वेगळे होते. ते सच्छिद्र होते, हलके होते आणि वेगवेगळ्या युरेलाइटांचे बारीक कण एकत्र चिकटून बनल्यासारखे होते. लघुग्रह एवढ्या उंचावर का फुटला याचा उलगडाही त्यातच होता. दगडाचा परावर्तित प्रकाश मोजला तेव्हा तो ला पाल्मा येथे टिपलेल्या वर्णपटाशी जुळला. ‘एफ’ वर्गाच्या निदान काही लघुग्रहांत युरेलाइटचे द्रव्य असते, हे त्यामुळे प्रथमच पुराव्याने ठरले. युरेलाइट दुसऱ्याच, ‘एस’ वर्गाच्या लघुग्रहांतून येत असावेत, असा तोवरचा तर्क होता.

यापुढे जे उघड झाले ते या सगळ्या कथेतले सर्वांत मोलाचे आहे. तुकडे जसजसे तपासले गेले तसतसे लक्षात आले की सगळे युरेलाइट नाहीत. सुमारे चार-पाच तुकड्यांमागे एक भलत्याच जातीचा निघत होता. एन्स्टटाइट कोंड्राइट (कोंड्राइट म्हणजे कधीच न वितळलेले आदिम दगडी अशनी), साधे कोंड्राइट, कार्बनी द्रव्याचे कोंड्राइट, धातूने भरलेले दुर्मीळ प्रकार, असे एरवी संग्रहालयांच्या वेगवेगळ्या कपाटांत ठेवले जाणारे दगड एकाच पट्ट्यात शेजारी शेजारी पडलेले होते. जर्मनीतील म्यून्स्टर विद्यापीठाचे अॅडी बिशॉफ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी या विविधतेचा बारकाईने अभ्यास केला. पहिली शंका स्वाभाविक होती: हे दगड आधीच वाळवंटात पडलेले, दुसऱ्या एखाद्या पातातले असतील. पण ते सगळे ताजे होते, गंजाची खूण नव्हती आणि एवढे वेगवेगळे ताजे दगड एकाच अरुंद पट्ट्यात योगायोगाने जमणे शक्य नव्हते. निर्णायक पुरावा पुढे खार्टूमच्या संग्रहातील दोन तुकड्यांनी दिला. त्यांत कार्बनी कोंड्राइटाच्या द्रव्यात युरेलाइटचे कण प्रत्यक्ष रुतलेले आढळले. लघुग्रह एकाच खडकाचा नव्हता. निरनिराळ्या पिंडांच्या मोडतोडीतून जमलेला तो एक ढिला गोळा होता.

याचा अर्थ अशनींच्या साऱ्या अभ्यासाला स्पर्श करतो. हेच तुकडे जर कोणी पाहिले नसताना पडले असते आणि वर्षानुवर्षांनी वेगवेगळ्या लोकांना वेगवेगळ्या ठिकाणी मिळाले असते, तर ते दहा-बारा निरनिराळे अशनी म्हणून नोंदले गेले असते, आणि कोणालाही त्यात चूक दिसली नसती. संग्रहालयांतील किती दगडांच्या बाबतीत असे आधीच झाले असेल, हा प्रश्न अल्महाता सित्तामुळे उभा राहिला आणि तो आजही पुरता सुटलेला नाही. एक लघुग्रह म्हणजे एक जात, हे गृहीत धरून कोणत्या जातीचे दगड कोणत्या प्रकारच्या लघुग्रहांतून येतात याची जी कोष्टके पूर्वी बनवली गेली, त्यांकडे आता जपून पाहावे लागते.

असा मिश्र गोळा बनला कसा, याची सर्वसाधारण रूपरेषा मांडता येते. सूर्यमालेच्या जन्मानंतर पहिल्या काही दशलक्ष वर्षांतच युरेलाइटांचा मूळ पिंड तयार झाला, आतून तापला, अंशतः वितळला आणि तो अजून गरम असतानाच एका प्रचंड टकरीत फुटला. त्याच्या ढिगाऱ्यातून नवे लहान पिंड जुळून आले. त्यांच्या पृष्ठभागावर पुढे अब्जावधी वर्षे दुसऱ्या लघुग्रहांचे तुकडे आदळत आणि मिसळत राहिले. अगदी अलीकडे, म्हणजे सुमारे दोन कोटी वर्षांपूर्वी, अशा एका पिंडापासून २००८ टीसी३ सुटला. वैश्विक किरणांनी दगडात घडवलेल्या समस्थानिकांच्या मोजणीतून हा शेवटचा आकडा मिळतो. दगड एखाद्या मोठ्या पिंडाच्या पोटात असतो तोवर हे किरण त्याच्यापर्यंत पोहोचत नाहीत. लहान होऊन मोकळा झाला की ते काम सुरू होते.

युरेलाइटांतल्या हिऱ्यांचा वाद १८८८ पासूनचा आहे, जेव्हा नोव्हो-उरेईच्या दगडात ते प्रथम आढळले. हिरा बनायला प्रचंड दाब लागतो. तो दाब टकरीच्या धक्क्याने आला की पिंडाच्या खोल गर्भातल्या वजनाने, हा वादाचा मुद्दा. २०१८ मध्ये स्वित्झर्लंडमधील लोझान येथील संशोधकांनी अल्महाता सित्ताच्या एका तुकड्यातील हिऱ्यांत अडकलेली अतिसूक्ष्म खनिजे तपासली. त्यांच्या मते ती घडायला वीस गिगापास्कलहून अधिक दाब हवा, आणि असा दाब टिकून राहायला मूळ पिंड बुधाएवढा किंवा मंगळाएवढा असला पाहिजे. सूर्यमालेच्या आरंभी असे भ्रूणग्रह होते आणि नंतर नष्ट झाले, या कल्पनेला त्यातून बळ मिळाले. दोन वर्षांनी दुसऱ्या गटाने इतर युरेलाइटांबरोबर अल्महाता सित्ताचेही तुकडे तपासून उलट निष्कर्ष काढला: हिरे टकरीच्या धक्क्यात, लोखंडाच्या साहाय्याने बनले असावेत आणि त्यासाठी ग्रहाएवढा पिंड मानण्याची गरज नाही. दुसरा निष्कर्ष अधिक साधा आहे आणि सध्या त्याचे पारडे जड दिसते.

आणखी दोन शोधांची दखल घ्यायला हवी. युरेलाइट हजार अंशांहून अधिक तापमानात घडलेले. अशा दगडात जीवसृष्टीशी संबंधित रेणू टिकतील अशी अपेक्षा नव्हती. तरीही त्यात अमिनो आम्ले सापडली. ती बहुधा पिंड थंड होताना वायूंपासून बनली असावीत, किंवा बाहेरून मिसळलेल्या द्रव्याबरोबर आली असावीत. दुसरा शोध एका पन्नास मिलिग्रॅमच्या कणाचा. कार्बनी कोंड्राइट जातीच्या त्या कणात अॅम्फिबोल नावाचे, पाण्याच्या सान्निध्यात बराच काळ राहून बनणारे खनिज मिळाले. अशा जातीच्या अशनींत ते जवळजवळ अपरिचित आहे. तो कण ज्या पिंडातून आला तो सेरेस या बटुग्रहासारखा मोठा असावा, असे संशोधकांना वाटते.

महाराष्ट्रातील वाचकाला आघात म्हटले की लोणार आठवते. बसाल्टच्या कातळात सुमारे १.८ किलोमीटर व्यासाचे ते विवर कोरणारा दगड अल्महाता सित्ताच्या कितीतरी पट मोठा होता. तो वातावरणात न थबकता अवकाशातल्या वेगानेच जमिनीवर येऊन धडकला. त्या वेगाच्या धडकेत दगड स्वतः वाफ होऊन जातो. म्हणूनच लोणारला विवर आहे, आघाताने काच झालेली खनिजे आहेत, पण अशनीचा तुकडा मिळालेला नाही. नुबियन वाळवंटात नेमके याच्या उलट घडले: विवर नाही, पण दगड आहेत. भारतात असे दगड पडतात आणि मिळतातही. २८ जानेवारी १९७६ च्या रात्री गुजरातमधील धजाला येथे पडलेल्या अशनीचे सुमारे ४५ किलो तुकडे गोळा झाले. राजस्थानात १९९४ मध्ये लोहावट आणि १९९६ मध्ये पिपलिया कलां येथे अशनी पडले. ६ जून २०१७ रोजी जयपूरजवळ मुकुंदपुरा येथे कार्बनी जातीचा अतिशय ठिसूळ अशनी पडला. तो लगेच उचलला गेला हे फार बरे झाले, कारण मोसमी पाऊस दारात होता आणि असा दगड भिजला की विरघळल्यासारखा भुगा होतो. वाळवंट शोधणाऱ्याला जो वेळ देते तो आपल्याकडच्या बहुतेक जमिनी देत नाहीत.

२००८ नंतर असे आधी दिसून मग येऊन पडलेले लघुग्रह आणखी नोंदले गेले. २०१४ च्या पहिल्या दिवशी कोवाल्स्की यांनीच शोधलेला २०१४ एए अटलांटिक महासागरावर फुटला आणि त्याचे काही हाती येण्याचा प्रश्नच नव्हता. २ जून २०१८ रोजी २०१८ एलए हा लघुग्रह, शोध लागल्यावर सुमारे आठ तासांनी, बोट्स्वानाच्या सेंट्रल कलहारी अभयारण्यावर आला. तीन आठवड्यांनी, २३ जूनला, तेथे पहिला १८ ग्रॅमचा तुकडा मिळाला. अल्महाता सित्तावरून शिकलेली रांगेची पद्धत येथेही वापरली गेली, फक्त सोबतीला वनरक्षक होते, कारण रानात सिंह आणि बिबटे होते. मोटोपी पॅन नावाने नोंदलेल्या त्या अशनीचे नाते वेस्टा या मोठ्या लघुग्रहाशी जुळते.

१३ फेब्रुवारी २०२३ रोजी फ्रान्समधील नॉर्मंडीत आणि २१ जानेवारी २०२४ रोजी बर्लिनच्या पश्चिमेला रिबेक गावाजवळ पडलेले अशनी हंगेरीच्या क्रिस्टियान शारनेत्स्की यांनी काही तास आधीच पाहिलेल्या लघुग्रहांचे होते. रिबेकच्या शोधात एक वेगळीच अडचण आली. बहुतेक अशनींवर वितळून गोठलेले काळे कवच असते आणि शोधणारा त्याच खुणेवर भिस्त ठेवून चालतो. रिबेकचे दगड ऑब्राइट या दुर्मीळ जातीचे निघाले. त्यांतील खनिजांत लोखंड जवळजवळ नसते, त्यामुळे त्यांचे कवच काळे न होता फिकट आणि काचेसारखे पारदर्शक बनते. शेतातल्या साध्या दगडांमध्ये ते पटकन ओळखू येईनात. शोधणाऱ्यांना काळा रंग विसरून नवी खूण शिकावी लागली आणि मगच तुकडे मिळू लागले. गुजरातच्या बनासकांठा जिल्ह्यात दियोदर येथे ऑगस्ट २०२२ मध्ये पडलेला अशनीही याच जातीचा आहे.